पाण्याविना घास

जन्मला तेव्हा त्याची अन्ननलिका मध्येच संपत होती. वरचा तुकडा घशाखाली येऊन बंद, खालचा जठरातून वर येऊन श्वासनलिकेला चिकटलेला. एका तरुण शल्यविशारदाने ते दोन तुकडे जोडले, मूल जगले, आणि त्या जगण्याचे श्रेय मिरवण्याचे जे काम तेव्हा सुरू झाले ते अद्याप संपलेले नाही. शल्यविशारद यथावकाश ‘मोठे डॉक्टर’ झाले. मुलाला मात्र सगळे बाळ म्हणू लागले ते कायमचेच. आज बाळाने चाळिशी ओलांडली आहे. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतो आणि त्याच्या कानशिलांवरचे केस पांढरे झाले आहेत. पण मुलांच्या रुग्णालयात त्याला व्यासपीठावर बोलावतात ते बाळ म्हणूनच.

मोठ्या डॉक्टरांच्या वाढदिवशी तेथे ‘बऱ्या झालेल्या मुलांचा मेळावा’ भरतो. आधी कृतज्ञतेची भाषणे होतात, त्यांत डॉक्टरांच्या विनम्रतेचा उल्लेख डॉक्टरांच्या समोर अनेकदा केला जातो, आणि शेवटी बाळाने पावाचा एक तुकडा खाऊन दाखवायचा असतो. सर्कशीतल्या अस्वलाला निदान सायकल तरी देतात. बाळाकडून केवळ गिळण्याची अपेक्षा. गिळले की टाळ्या.

प्रत्येक घासामागे त्याला पाण्याचा घोट लागतो, हे प्रेक्षकांना दिसत नाही. पेला फुलदाणीमागे ठेवलेला असतो. ही व्यवस्था त्याच्या थोरल्या बहिणीची. ताई मेळाव्याच्या समितीवर आहे आणि भावाच्या जन्मजात व्यंगावर तिने गावात बऱ्यापैकी प्रतिष्ठा कमावली आहे. “लोकांना उगाच वाटायला नको, अजून काही राहिलंय म्हणून,” असे ती म्हणते.

राहिले होते. गेल्या वर्षभरात पाणी पिऊनही घास छातीत थांबू लागला. आडवे झाले की आंबट पाणी घशाशी येई. दुकानात तो पडद्यामागे बसून वरणात कालवलेला मऊ भात खाई आणि तोही अर्धा परत नेई. बायकोने डबा उघडून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी ती त्याला मोठ्यांच्या रुग्णालयात घेऊन गेली.

तिथल्या डॉक्टरांनी छातीवरचा जुना व्रण पाहून हात झटकले. “हे लहानपणचं काम आहे. मुलांच्या रुग्णालयात दाखवा.”

ते रस्त्यापलीकडेच होते. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारले, “पेशंटचं वय?”

“एक्केचाळीस.”

“बाळाचं विचारतेय मी.”

“बाळ मीच.”

रांगेतल्या आया हसल्या. अठरा वर्षांवरच्यांना तिथे तपासत नाहीत, असे त्याला सांगण्यात आले. वर्षातून एकदा पाव खायला मात्र वयाची अट नव्हती.

अखेर दोघे मोठ्या डॉक्टरांच्या घरी गेले. दुर्बीण घालून एकदा आतून पाहावे, एवढेच त्यांचे म्हणणे. डॉक्टर खळखळून हसले.

“अरे, मी बरं केलंय तुला. बऱ्या माणसाला काय तपासायचं? नीट चावून खात जा.”

आयुष्यभर जो घास चावता चावता लोकांची पंगत उठलेली पाहत आला, त्याला हा उपदेश. खाली उतरताना बायको एवढेच म्हणाली, “ह्यांना तुमचा घसा नको आहे, स्वतःचा टाका हवाय. तोही न बघता.”

ताईचा फोन आलाच. “त्यांचा पंचाहत्तरावा आहे. त्यात मोडता घालू नकोस, बाळ. एका घासाचा तर प्रश्न आहे.”

“हो, एकाच घासाचा आहे,” तो म्हणाला.

मेळाव्याला सभागृह भरले होते. बायको पहिल्या रांगेच्या टोकाला बसली; तिच्या खुर्चीखाली एक फुगलेली पिशवी होती. बाळाचे नाव पुकारले गेले. तो व्यासपीठावर गेला, फुलदाणीमागचा पेला त्याने उचलला आणि पायऱ्यांशी उभ्या असलेल्या ताईच्या हातात दिला.

“हा धर. आज नकोय.”

मग त्याने पावाचा चांगला मोठा तुकडा तोंडात घातला, जेमतेम चावला आणि गिळला.

टाळ्या वाजल्या. मोठ्या डॉक्टरांनी त्याची पाठ थोपटली. बाळ छातीवर हात ठेवून स्तब्ध उभा होता. थोड्या वेळाने त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली, कारण आता तीही खाली उतरत नव्हती. ती त्याने रुमालात टिपली. तरी टाळ्या चालूच होत्या. मागच्या रांगांना तो रडतोय असे वाटले आणि ते गहिवरले.

बायको पिशवी घेऊन उठली. तिच्यात टॉवेल आणि धुतलेले कपडे होते; ती तिने सकाळीच भरून ठेवली होती. डॉक्टरांना तिने नमस्कारसुद्धा केला. “चला, रस्त्यापलीकडं जाऊ,” ती नवऱ्याला म्हणाली. “अडकलेल्या घासाला वय विचारत नाहीत.”

मोठ्यांच्या रुग्णालयात खरोखरच विचारले नाही. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून घास काढला. जोड आकसला होता. तो त्यांनी फुगा घालून रुंद केला. खालचे अस्तर आम्लाने बदलले होते, म्हणून त्याचा कण तपासायला पाठवला.

“हा जोड याआधी कुणी पाहिला होता?” त्यांनी नंतर विचारले.

“दर वर्षी,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “सभागृह भरून लोक बघतात.”

कर्करोग निघाला नाही. पण अस्तर तसे झाले की ते नियमाने पाहत राहावे लागते, जन्मभर, असे बाईंनी बजावले आणि पुढची तारीख दिली.

ताई भेटायला आली ती तक्रार घेऊन. “डॉक्टरांना किती लागलं असेल, याचा विचार केलास?”

“त्यांना गिळायला त्रास होतोय का?” बायकोने आतून विचारले.

पुढच्या वर्षी बाळाने नुसता हात हलवावा, अशी तडजोड समितीने काढल्याचे ताईने जाताना सांगितले. त्या मेळाव्याच्या दिवशी बाळ रस्त्यापलीकडे तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर होता. परिचारिकेने दार उघडून त्याचे पूर्ण नाव पुकारले. दुसऱ्यांदा पुकारले तरी तो इकडेतिकडे पाहत राहिला.

“अहो,” बायकोने कोपराने ढोसले, “तुम्हालाच बोलावतायत.”