फाटकावरचं टायर

क्लेम रॅफर्टीशी वाद घालायचा म्हणजे दगडावर डोकं आपटायचं, आणि वर दगडानेच विचारायचं, फार लागलं का रे? साठीला टेकलेला, काटकुळा, उन्हाने भाजून निघालेला माणूस. कुणाचा पंप बंद पडो, कुणाचा जनरेटर, ट्रॅकवरची माणसं त्यालाच हाक मारायची आणि तोही हातातला चहा तसाच ठेवून निघायचा. मदत करायला एका पायावर तयार. घ्यायची म्हटली की मात्र गड्याच्या अंगावर काटा यायचा.

पश्चिम क्वीन्सलँडमधला आमचा ट्रॅक म्हणजे सहा-सात कुटुंबांची गुरांची रानं जोडणारी चाकोरी. इथे प्रत्येक फाटकाच्या खांबावर रिमसकट एक टायर टांगलेलं असतं. तेहतीस इंची. ज्याचं फाटलं त्याने ते काढावं, बसवावं, पुढे जावं आणि सवडीने तिथे दुसरं आणून टांगावं. विचारायचं नाही, आभार मानायचे नाहीत. म्हणून ट्रॅकवरच्या झाडून सगळ्या गाड्यांचं माप एकच, मग गाडी कितीही उंच असो. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण त्याला हात लावायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

क्लेमच्या आलं. पूर ओसरल्यावर त्याची गाडी चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर पोट टेकून बसली, चारही चाकं नुसती फिरताहेत. सत्तर किलोमीटरवरच्या शेजारणीने, ऑड्री पॅस्कोने, दोर लावून ती ओढून काढली. विधवा बाई, एकटीने रान सांभाळते, आणि जीभ अशी की समोरचा सोलून निघावा. म्हणाली, "काय रे, खाली अंडी उबवत होतास का?"

झालं. क्लेमने लांब स्प्रिंगा घालून गाडी दोन इंच उचलली. तेवढ्यावर थांबला असता तर त्याला क्लेम कोण म्हणेल? एका रात्री जेवताना बायकोला म्हणाला, "आता पस्तीस इंची टायर घालणार."

नोलाने काटा खाली ठेवला. "उचललीस ना गाडी? मग टायर कशाला?"

"स्प्रिंगने नुसतं अंग वर जातं गं. चाकांचा आस होता तिथेच राहतो. आस उचलायचा तर टायरच मोठं लागतं. पस्तीस घातलं की आस एक इंच वर."

"एका इंचासाठी?"

"त्याच एका इंचावर अडकलो होतो मी."

"आणि वाटेत फाटलं म्हणजे? फाटकावरचं तुला चालणार नाही."

"मला नको कुणाचं फाटकावरचं!"

नोला उठून भांडी घासायला लागली. तिला माहीत होतं, वादात हरलेला क्लेम एक वेळ परवडला, पण जिंकलेला क्लेम आठवडाभर घरात मिरवतो.

काम मात्र त्याने नेटकं केलं हं, त्यात कुणी बोट ठेवू नये. गाडीत पोती भरून एक चाक ओंडक्यावर चढवलं, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून टायर कुठे घासतं ते खडूने आखलं आणि तेवढा पत्रा कापून काढला. आणि रीत मोडली असं कुणी म्हणू नये म्हणून आपल्या फाटकावर पस्तीस इंची टायर टांगलं! ऑड्रीने ते पाहिलं आणि गाडी थांबवून पोट धरून हसली. "हा झोपाळा कुणासाठी बांधलास, क्लेम?" त्यानंतर बाप्या महिनाभर तिच्याशी रेडिओवर कामापुरतंच बोलला.

मार्चमधली गोष्ट. सकाळी नोला गोठ्याच्या दाराशी वाकून बसलेली दिसली. तोंड पांढरंफटक. पोटाच्या उजव्या बाजूला हात लावू देईना. रेडिओवर डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले आणि म्हणाले, अपेंडिक्स आहे, फुटायच्या आत कापायला हवं. दवाखान्याचं विमान ऑड्रीच्या धावपट्टीवर उतरेल, क्लेमची सखल, अजून पाण्याखाली होती. पण पश्चिमेला ढग भरून आले होते. काळ्या मातीची पट्टी, पहिली सर पडली की विमानाची चाकं धरून ठेवील. पावसाच्या आधी पोचायचं. नाही पोचलं तर विमान रिकामं परत जाणार, आणि दुसरं कधी येईल ते पावसाच्या मनावर.

क्लेमने गाडी काढली. नोला शेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. प्रत्येक खड्ड्याला तिच्या तोंडून जो आवाज निघे तो ऐकून त्याचे हात स्टिअरिंगवर घट्ट होत. हळू चालवावं तर पाऊस, जोरात चालवावं तर तिचे हाल. त्याने जोरात चालवायचं ठरवलं.

पहिलं टायर मुल्गाच्या झुडपाच्या वाळक्या खुंटाने फाडलं, बाजूने, हातभर. जवळचं जादा टायर त्याने बसवलं. एरवी आम्ही दोन घेऊन निघतो, पण पस्तीस इंची दोन धुडं मागे मावेनात म्हणून एकच होतं. आणि ऑड्रीच्या हद्दीचं फाटक समोर दिसत असताना मागचं आणखी एक फाटलं.

तो तसाच, रिमवर खडखडत, फाटकापर्यंत गेला. खांबावर तेहतीस इंची टायर लटकत होतं.

"घे ना ते," नोला दातांमधून म्हणाली.

"घेतो. पण..."

पण काय, ते त्याच्याइतकं कुणाला कळणार? चारही चाकं इंजिनाने ओढायची तर चारही एका मापाची लागतात, नाहीतर ती एकमेकांशी भांडतात आणि आतले दाते मोडून बसतात. म्हणजे पुढचं धडधाकट पस्तीस मागे घालायचं, फाटकावरचं तेहतीस पुढे, आणि पुढच्या चाकांची ओढ सोडून द्यायची. एकाऐवजी दोन चाकं बदलायची. एवढं करून गाडी धावणार मागच्या दोनच चाकांच्या ओढीवर, आणि वाटेत लाल वाळूची टेकडी. तिथे दोन चाकांवर आजवर कुणी चढलेलं नाही.

त्याने जॅक लावला आणि नट सोडवायला घेतले. नट हातातून धुळीत पडला तेव्हा त्याने स्वतःला अशी शिवी हासडली की नोला तशाही स्थितीत म्हणाली, "हं, तेवढं खरं बोललास."

रेडिओवर ऑड्रीचा आवाज आला. "कुठे आहेस? विमान उतरलंय. पायलट आभाळाकडे बघत येरझाऱ्या घालतोय."

क्लेमने बटण दाबलं. ट्रॅकवरचा एकूण एक माणूस त्या चॅनेलवर कान लावून बसलेला असतो.

"ऑड्री," तो शेवटी म्हणाला, "मी दोन चाकांवर आहे. टेकडी चढणार नाही. तू पलीकडून ये. नोलाला घेऊन जा."

"निघाले," ती म्हणाली. एक टोमणा नाही, काही नाही. त्या बाईला गप्प बसलेलं ऐकून क्लेम पहिल्यांदा खरा घाबरला.

एका बाजूला कललेली गाडी त्याने टेकडीवर घातली. अर्ध्यात वाळूने चाकं गिळली. मग त्याने नोलाला घोंगडीत गुंडाळून उचललं आणि चालत वर निघाला. चार पावलांत वाळू घोट्यापर्यंत, छातीचा भाता झालेला. नोला काही बोलेना, हे सगळ्यात वाईट. "बोल गं काहीतरी," तो धापा टाकत म्हणाला, "शिव्या दे, पण बोल."

माथ्यापलीकडे ऑड्रीची गाडी उभी होती. नोलाला सीटवर आडवी केली आणि तेवढ्यात टपोरे थेंब पडायला लागले. खालची काळी माती बघता बघता चकाकू लागली. ऑड्रीने गिअर टाकला, चाकं जागच्या जागी घसरली.

"ढकल!"

क्लेमने मागून खांदा लावला. चिखल तोंडावर, डोळ्यांत. गाडी हलली, डुलली, सुटली. त्या मातीत एकदा सुटलेली गाडी थांबवायची नसते, थांबली की बसलीच. ऑड्रीने आरशात बघून वेग कमी केला तसा तो जिवाच्या आकांताने ओरडला, "थांबू नकोस! जा! मला सोड, जा!"

ती गेली. हा गुडघाभर चिखलात उभा राहिला. बायकोकडे नीट बघायचंही राहून गेलं होतं. बऱ्याच वेळाने पावसाच्या आवाजातून विमानाचा घोगरा आवाज वर चढत गेला, तेव्हा तो टेकडीवर मटकन खाली बसला आणि मोठ्याने रडला.

संध्याकाळी तो आपल्या रुतलेल्या गाडीत परतला, तेव्हा ऑड्रीने रेडिओवर विचारलं, "पाऊस थांबलाय. ट्रॅक्टर घेऊन येऊ तुला न्यायला?"

"नको. बरा आहे मी."

"खायला आहे काही?"

"आहे गं." नव्हतं. पाण्याची बाटली तेवढी होती.

सकाळी पुन्हा तिचाच आवाज. "क्लेम, ऐकतोयस? झालं ऑपरेशन. फुटलं होतं आत, पण वाचली. डॉक्टर म्हणाले, एवढं होईपर्यंत घरी काय करत होतात तुम्ही."

क्लेमने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. "काल सकाळीच तर दुखायला लागलं."

"काल नाही रे," ऑड्री म्हणाली. "गाडीत सांगितलं तिने मला. तीन दिवस सोसत होती. म्हणाली, विमान तुझ्याकडेच उतरणार, आणि क्लेमला तुझ्या दारात यायला लावू कशी? गोळ्या खाऊन बरं वाटेल म्हणून वाट बघितली तिने."

सगळा ट्रॅक हे ऐकत होता. ऑड्री पुढे म्हणाली,

"आणि शुद्धीवर आल्या आल्या तिने नर्सला काय विचारलं सांगू? क्लेमला कुणी घरी नेलं का, का नको-नको म्हणत बसलाय तिथेच?"

रात्रभर गाडीचं दार लावून बसलेला, ओल्या कपड्यांतला, उपाशी क्लेम त्या छोट्या बटणाकडे बघत राहिला. मग त्याने ते दाबलं.

"ऑड्री," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला, "ये गं. मला न्यायला ये."