ओटा फोडून बांधलेला महाल

माझ्या थोरल्या भावाने, आमच्या भाऊने, घरापुढचा ओटा फोडला तेव्हा मी धुळ्याला शाळेत चित्रकला शिकवत होते. आधी कळलं असतं तर आडवी पडले असते.

एका चित्राचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं होतं ना! अमळनेरची एक तेलगिरणी बंद पडली, तिचं सामान विकायला निघालं. मालकाच्या केबिनबाहेर टांगलेलं जुनं छापचित्र भाऊने उचललं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला कुठल्याशा विलायती राजाचा महाल. त्याला तसंच घर हवं होतं. आमच्या गावात, केळीच्या बागांमध्ये!

ओटा गेल्यावर मी ते चित्र नीट पाहिलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्या खिडक्या एका मापाच्या, खांब कवायतीला उभे, आभाळसुद्धा पट्टी लावून ओढलेलं. दार बरोबर मध्ये आणि उंचावर. खाली अंगणात माणसं मुंगीएवढी. माणसं एवढीशी काढली म्हणून तर महाल एवढा मोठा दिसतो. कोरणाऱ्याला कामच ते सांगितलं असणार.

भाऊने सगळं हुबेहूब उतरवलं. डावीकडे खिडकी, म्हणून उजवीकडेही हवी. तिथे आतून जिना, तर भिंतीवर सिमेंटची खोटीच काढली. दार उंच हवं म्हणून ओटा गेला आणि पायऱ्या आल्या. त्या ओट्यावर आई रोज संध्याकाळी बसायची. गल्लीतल्या झाडून बठ्ठ्या बाया यायच्या, शेंगा फोडायच्या, सुनांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या. आता आईचे गुडघे त्या पायऱ्या चढत नाहीत. ती मागून, गोठ्यातून घरात शिरते. स्वतःच्या घरात!

दिवाळीला गेले तर आई खालच्या पायरीवर बसलेली, शेजारची म्हातारी अक्का तिच्यासमोर अंगणात उभी. भाऊ वरून, खांबाला टेकून म्हणाला, "माय, मांगे जाईसन बस ना. समोरथून बरं दिखत नही."

"लाज नाही वाटत का रे तुला?" मी किंचाळलेच.

आईने माझा हात दाबला. मान वर करून तिने भाऊकडे पाहिलं.

"तुना बाप शेंगा लईसन गिरणीमा जाये, तो बी त्या फोटोना खाले असाच उभा राहे. त्याले बी कोणी बस म्हने नही."

अक्का अजून उभीच होती.