अक्काला गॅस नको होता

आमच्या अक्काने, म्हणजे माझ्या आईने, ऑपरेशनला नाही म्हटलं ते केळीमुळे. छातीतली गाठ कॅन्सरची निघाली तेव्हा ती डगमगली नव्हती. जळगावच्या दवाखान्यातली तारीख तिनेच ठरवली होती. मग आमच्या ह्यांनी धुळ्याहून घरच्या ग्रुपवर एक बातमी टाकली. भूल गॅसने दिली की शिरेतून, यावर कॅन्सर पुढे पसरणं अवलंबून असू शकतं, संशोधन चालू आहे. बातमी दिसली की पुढे ढकलल्याशिवाय ह्यांना चैन पडत नाही. अक्काच्या गावी, असोद्याला पोचेपर्यंत त्यातलं संशोधन गळालं आणि गॅस तेवढा उरला.

अक्काचा सारा जन्म केळीत गेलेला. गॅसच्या खोलीत कच्चा घड ठेवला की काय होतं, हे तिला कुणी सांगायला नको. "हिरवा घड पाहता पाहता पिवया होतो. माह्या गाठीले गॅस लागला तर ती बी अंगभर पिकीन," ती म्हणाली आणि दवाखान्यासाठी भरलेली पिशवी परत खुंटीला अडकवली. मी समजावलं, चिडले, रडलेसुद्धा. मला माझी आई हवी होती, आणि गाठ काही आमचा वाद मिटायची वाट पाहणार नव्हती.

शेवटी "नुसतं भेटून येऊ" म्हणून तिला भुलीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिचं सगळं ऐकूनही त्या हसल्या नाहीत, याबद्दल मला त्या फार आवडल्या.

"केळीचा गॅस वेगळा, भुलीचा वेगळा," त्या म्हणाल्या. "पण तुमची शंका वेडी नाही, अक्का. आम्ही डॉक्टरही तेच शोधतोय, पक्कं उत्तर अजून नाही. तुमच्या तब्येतीला शिरेतून चालेल, तसंच देऊ."

"तुमची माय असती तर काय दिलं असतं?"

"आधी रागे भरले असते. भूल कुठलीही असो, गाठ वेळेत निघायला हवी."

अक्काने माझ्याकडे पाहिलं. "घरून माही पिशवी मागव."

ऑपरेशन नीट पार पडलं. परवा तपासणीला गेलो तेव्हा रिपोर्ट चांगला आला, आणि मी तिथेच रडायला लागले. अक्काने मात्र पिशवीतून केळ्यांची फणी काढून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली.

"गॅसची नाहीत ना?" बाईंनी विचारलं.

"नाही हो. घरी भुसात ठेवली होती, सावकाश पिकली," अक्का म्हणाली. "मी बी आता तशीच पिकनार."