हेनीमावशींची पहिली शेजारीण

हेनीमावशी गेल्याचं मला पोलिसांच्या गाडीनं कळवलं. अमेरिकेत, नेपरव्हिलला बावीस वर्षं कुंपणाला कुंपण लावून राहिलो आम्ही... आणि मला कळलं ते दुसऱ्या दिवशी, खिडकीतून. त्याला आता सात आठवडे होतील.

हेनीमावशी हॉलंडच्या पूर्वेकडच्या एका चिमुकल्या खेड्यातल्या. त्यांना ‘मावशी’ केलं ते आमच्या मुलींनी. गावाचा विषय निघाला की त्यांची कळी खुलायची. रेताड, नापीक जमीन, लांब लांब विखुरलेली घरं. एकट्याचा तिथं निभावच लागायचा नाही. म्हणून शेजार हे तिथलं कर्तव्य. तो घराबरोबर येतो, आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. बाळंतपण असो की मयत, निरोप आधी पहिल्या, म्हणजे सगळ्यात जवळच्या घरच्या शेजाऱ्याला, नातलगांना नंतर. “आणि भांडण असलं तर?” मी एकदा विचारलं. “भांडायचं की! पण गाय व्यायला अडली तर जायचं,” त्या म्हणाल्या. सकाळी नऊपर्यंत घराचा पडदा उघडला नाही, तर शेजाऱ्यानं दार ठोठावायचं, अशीही रीत होती. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात त्या केक घेऊन आल्या आणि रीतसर विचारलं, “माझी पहिली शेजारीण होशील?” मी हसत हो म्हटलं. हो म्हणायला काय जातंय!

जानेवारीतल्या त्या गुरुवारी त्यांचा पडदा बंद होता. मी सिंकपाशी उभी राहून पाहिला. शनिवारी मंडळाचं हळदीकुंकू, गॅसवर तिळगुळाचा पाक... ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, “अगं, झोपल्या असतील. लोकांना प्रायव्हसी हवी असते, उगाच इंटरफिअर कशाला करतेस?” मला तेच ऐकायचं होतं. शुक्रवारीही पडदा बंदच. बाहेर बर्फ पडत होता. मी बूट चढवायचा कंटाळा केला. शनिवारी टपालवाल्यानं पोलिसांना कळवलं. मावशी बाथरूममध्ये पडल्या होत्या. शुक्रवारी सकाळपर्यंत जीव होता, असं डॉक्टर म्हणाले.

त्यांची भाची गावाहून आली, ती आधी माझ्याकडे. “आम्ही किती वर्षं परत बोलावत होतो,” ती म्हणाली, “पण मावशी म्हणायची, कशाला येऊ? इथं मला पहिली शेजारीण आहे.” तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि आभार मानले. सगळं सांगून टाकायला मी तोंड उघडलं... आणि विचारलं, चहात साखर किती घालू?

ती परत गेली. आज हे सगळं लिहिलं आहे, ते मराठीत. तिला मराठी वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे.