विहिरीची नळी

आज गवंडी स्वयंपाकघरातली वर आलेली फरशी बसवत होता, तेव्हा ओल्या सिमेंटचा वास आला आणि आमच्या मळ्यातली विहीर बुजवली तो दिवस आठवला. नव्वदच्या दशकात गोदावरीकाठचा आमचा झेंडूचा मळा वडिलांनी बिल्डरला दिला आणि बदल्यात तिथेच तळमजल्याचा हा फ्लॅट घेतला. बांधालगतचा ओहोळ आधीच भरावाखाली गेला होता, आता विहिरीची पाळी होती. काकूने विहिरीची ओटी भरली आणि हटून बसली, “नळी सोडल्याबिगर बुजवायची नाय. तिला श्वास नको घ्यायला?” बिल्डर हसला, पण त्याने मधोमध लोखंडी पाइप उभा करून दिला. मग ट्रकमागून ट्रक राडारोडा पडू लागला. पाणी मात्र दबेना. प्रत्येक खेपेला ते थोडं वर चढायचं, ओटीतला नारळ डोक्यावर घेऊन. संध्याकाळी एकदाचं ते दिसेनासं झालं, वर मुरूम पसरला आणि सगळे चहाला गेले. काकूने पाइपला कान लावला आणि तिचा चेहरा उतरला. “ये, ऐक,” ती म्हणाली. मी कान टेकवला. गार वारा कानात शिरला आणि खोलवर पाणी बुडबुडताना ऐकू आलं. “जागीच हाय ती,” काकू पुटपुटली. पुढे आमच्या स्वयंपाकघरालगतच्या पार्किंगला आडवा येतो म्हणून बिल्डरने पाइप कापून त्याचं तोंड सिमेंटने बंद केलं. पूररेषा आपल्यापासून लांब आहे, असं सोसायटीत सगळे सांगतात. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नाही, गवंडी कधीच गेलाय, आणि फरशीच्या सांध्यातल्या ओल्या सिमेंटवर एकेक बुडबुडा वर येतोय.