दुसरी मूठ

“आपण फक्त ओढायचं. ढकललं की पातं वाकतं.” मिस्त्रीचं हे बोलणं वखारीत सगळ्यांना पाठ होतं. दोन मुठींची लांबलचक करवत. पुढच्या मुठीला मिस्त्री, मागच्या मुठीला लंब्या. एकतीस वर्षं दोघांनी ओंडके चिरले आणि वखारीमागच्या एका खोलीत संसार केला.

लंब्याला जाऊन महिना झाला. खोली वखारीची, पण त्याच्या नावावर दिलेली होती, म्हणून त्याची धाकटी बहीण मिस्त्रीला घेऊन वखारीच्या कचेरीत आली.

“कामगाराच्या मागे खोली त्याच्या बायकोला,” कारकून म्हणाला. “आणि कायद्यात लग्न म्हणजे एक पुरुष, एक बाई. मिस्त्रींना कुठल्या रकान्यात बसवू? तुम्ही काय यांना वहिनी म्हणता?”

“वहिनी असती तरी तिनं आठ महिने आजारी दादाची एवढी उस्तवार केली नसती,” बहीण ताडकन म्हणाली.

कारकून वरमला. “नियम मी केला नाही, ताई. रक्ताच्या माणसालाही खोली मिळते. तुम्ही राहता असं लिहून द्या आणि ठेवा यांना. कोण बघायला येतंय?”

तिनं पेन उचललं. मिस्त्रीनं कागदावर पंजा ठेवला.

“नको, ताई. राहीन तर त्याच्या नात्यानं. तुझ्या सहीच्या आडोशाला नाही.”

बाहेर येताच ती उखडली. “हा ताठा कुणाला दाखवता? जाणार कुठे?”

“जाईन कुठंही. पण तो पहाटे येतो गं. करवत भिंतीला टांगलेली असते, तरी पातं गुणगुणतं. मागची मूठ त्यानं धरलेली असते. मी खोली सोडली, तर त्याला माझा पत्ता कोण सांगणार?”

दिवसकार्याला ती त्या खोलीत झोपली होती. ती गुणगुण तिनंही ऐकली होती. वारा असेल म्हणून कूस बदलली होती. खिडकी तर बंद होती.

खोलीवर परतल्यावर मिस्त्रीनं ट्रंक तशीच ठेवली. किल्ली तिच्या हातावर ठेवली, करवत खांद्यावर घेतली आणि वळूनही न पाहता फाटकाकडे चालू लागला.

एवढी लांब करवत एकट्याच्या खांद्यावर सरळ राहत नाही. मागचं टोक लवतं, पावलागणिक हिंदकळतं. ते धरायला ती धावली आणि चार पावलांवर थबकली.

टोक लवत नव्हतं. मागची मूठ उलट किंचित वरच होती, दादाच्या खांद्याच्या उंचीला.

मिस्त्री फाटकाबाहेर पडला. किल्ली मुठीत आवळून ती बघत राहिली.