परत आलेला एक रुपया

फुकट म्हणून कुणी काही पुढं केलं की मी आधी त्याच्या तोंडाकडं बघते. लातूरजवळच्या मुरुडला माझं मिरची कांडायचं मशीन आहे. नवरा वारल्यापासून ते मी एकटीच चालवते. इतकी वर्षं गिऱ्हाईक बघून माणूस ओळखायला मला चष्मा लागत नाही. तरी मोबाइलमधल्या एका बाईनं मला फसवलं.

ही बाई भजन ऐकताना मध्येच यायची. पांढरा ड्रेस, मागं समुद्र. गुडघेदुखी घालवायचे व्यायाम शिकवते म्हणायची. मराठीच बोलायची, पण पुस्तक वाचून दाखवल्यासारखी. "माताजी, सात दिवस पूर्णपणे मोफत." मला आजपर्यंत कुणी माताजी म्हटलेलं नाही. मावशी म्हणतात, आजी म्हणतात, उधारी मागितली की म्हातारी म्हणतात. तिथंच मी ओळखायला पाहिजे होतं. पण मशीनपुढं उभं राहून राहून माझे गुडघे पार गेले होते. डॉक्टर म्हणायचा वजन कमी करा, आणि त्याच्या गोळ्यांनी पोटात आग पडायची. म्हटलं, बघू तरी.

सात दिवस फुकट, पण आधी एक रुपया पाठवा, खातं खरं आहे का ते तपासतो, असं त्यात आलं. मी गुप्त नंबर दाबला. रुपया गेला. मिरचीचा एक घाणा निघेपर्यंत तो परतही आला.

तो रुपया परत आला नसता तर मी सावध राहिले असते. आमच्या धंद्यात पैसे परत करणारा माणूस खरा धरतात. मी धर्माबादहून मिरची मागवते. तिथल्या आडत्यानं एकदा वजनात चूक झाली म्हणून न मागता पैसे परत पाठवले. तेव्हापासून मी त्याचं पोतं फोडून बघत नाही. माझ्याही दुकानात कुणी चुकून जास्ती देऊन गेलं तर मी रस्त्यापर्यंत जाऊन हाक मारते, आणि ते गिऱ्हाईक मग दुसऱ्या मशीनवर जात नाही. इतबार असाच बसतो. त्या कंपनीनं एक रुपया परत करून माझा इतबार विकत घेतला. एवढ्या स्वस्तात मला कुणी घेतलं नव्हतं.

व्यायाम तीन दिवस केले. ती बाई चटईवर आडवी होऊन पाय वर करायची. मी आडवी झाले की उठवायला शेजारीण लागायची. चौथ्या दिवशी मी ते अ‍ॅप मोबाइलमधून काढून टाकलं. माझ्या दृष्टीनं विषय संपला. दुधाचा रतीब नको असला की आपण सकाळी भांडं दारात ठेवत नाही, दूधवाला समजतो आणि पुढं जातो. मला वाटलं, यांनाही समजलं असेल.

त्यांना समजलं होतं. ते पुढं गेले नाहीत, एवढंच.

माझ्या दुकानात गिऱ्हाइकांनी पैसे टाकले की बोलणारा डबा आहे. आलेले पैसे तो ओरडून सांगतो. गेलेले सांगत नाही. मेसेज येतात ते इंग्रजीत, आणि त्यात निम्मे कर्ज घ्या म्हणणारे. पाच महिने माझ्या खात्यातून पैसे गेले तरी मला पत्ता नाही. आडत्याला मिरचीचे पाठवायला गेले तेव्हा कमी पडले. शेजारणीच्या सुनेनं मेसेज वाचून सांगितलं, आजी, हे दर महिन्याला कापून घेऊन राहिलेत.

मग मी एक चूक केली. नांदेडला पोराला फोन केला.

पोरगा तिथं सरकारी कचेरीत आहे. लहानपणापासून त्याला दुसऱ्याची चूक सापडली की आनंद होतो. म्हणाला, "माय, तुला शंभरदा सांगितलं, दिसंल तिथं बोट लावू नको."

"पैसे कसे थांबवायचे ते सांग. बोटाचं मग बघू."

"आज हे थांबवशील, उद्या दुसरं करशील. तुझ्याकडून न्हाई व्हायचं माय हे. असं करू, तुझं खातं बंद करू. दुकानाचा स्कॅनर माझ्या नावावर घेऊ. तुला लागतील तेवढे मी दर महिन्याला पाठवत जाईन."

"मला किती लागतात हे कोण ठरवणार?"

"आता ह्याच्यात ठरवायचं काय हाय?"

मागून सून म्हणाली, "आत्याबाईंना म्हणावं, त्यांच्या चांगल्यासाठीच हाय." फोनवर मागून बोलायची तिला सवय आहे.

रविवारी कागद घेऊन येतो, तू फक्त सह्या कर, असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

आता हे मला का नको होतं ते सांगते. माझा नवरा दारू प्यायचा नाही, मारायचा नाही. पण गल्ल्याची किल्ली त्याच्या करदोड्याला असायची. मशीन दोघं चालवायचो, मिरचीनं हात माझेही जळायचे. भाजीला पैसे पाहिजे असले की मी मागायचे आणि आधीचे कुठं गेले ते सांगायचे. तो गेला तेव्हा लोकांनी मला खूप धीर दिला. मला धीर नको होता. मला किल्ली मिळाली होती. ती आता पोराच्या कमरेला बांधायची, आणि तीही नांदेडला. एक रुपयावाल्या कंपनीनं मला लुटलं ते लुटलं, वर माझ्या घरात पोराला तोंड उघडायला जागा करून दिली. याचा मला पैशापेक्षा जास्त राग आला.

सोमवारी मशीन बंद असतं. सोमवारी मी लातूरला बँकेत गेले. खिडकीत एक पोरगी होती. तिनं माझा मोबाइल बघितला आणि म्हणाली, "आजी, हे बँकेनं नाही केलं. तुम्हीच परवानगी दिलीय."

"सात दिवसांची दिली."

"नाही, हे खाली लिहिलंय बघा."

"कुठं खाली?"

तिनं दोन बोटांनी अक्षरं मोठी केली. गोऱ्या कपाळावर विभूती ओढावी तशी फिकट अक्षरं. मी चौथीपर्यंत शिकले, मला मनात वाचता येत नाही. मोठ्यानं वाचलं. मोफत कालावधीनंतर, ग्राहकाने रद्द न केल्यास, रक्कम दरमहा आपोआप वजा होईल. आपोआप हा शब्द मी दोनदा वाचला. दुसऱ्याच्या खिशात हात घालायला असा शब्द काढणारा माणूस पगारावर असणार.

मागं रांगेत एक धोतरवाले होते. म्हणाले, "मावशी, अजून जरा जोरात वाचा. माझ्या फोनात बी असंल."

"तुम्ही काय फुकट घेतलं होतं?"

"नातवानं घेतलं कायतरी. मला नुसतं अंगठा लाव म्हणाला."

पोरगी हसली. मी हसले नाही. तिला विचारलं, "बाई, बंद कुठं होतं?"

"अ‍ॅप काढून बंद होत नाही. पैसे पाठवता ना, त्यात जायचं. इथं यादी असते." तिनं यादी उघडली आणि म्हणाली, "आजी, दोन आहेत."

"दोन कसे? मी एकच केलं."

"एक हे व्यायामाचं. दुसरं मॅच आणि सिनेमे बघायचं आहे. हे तर दिवाळीपासून चालू आहे. घरात कुणी बघतं का?"

माझ्या घरात टीव्ही बंद पडून दोन वर्षं झाली.

मग मला दिवाळी आठवली. पोरगा आला होता. पाडव्याला माझा मोबाइल घेऊन ओट्यावर बसला होता. मध्येच हाक मारून म्हणाला, "माय, काही करत न्हाई, तुझ्या नंबरावर जरा एक बघतो." माझा गुप्त नंबर त्याला माहीत होता, कारण सुरुवातीला तो त्यानंच ठेवून दिला होता. मी पोरीला विचारलं, स्वतःचा नंबर सोडून माझ्या नंबरावर कशाला घेतलं असेल? ती म्हणाली, "एका नंबराला पहिला महिना एकदाच फुकट असतो, आजी. त्यांचा संपला असेल."

म्हणजे मी आठवडा फुकट घ्यायला गेले आणि अडाणी ठरले. त्यानं आईच्या नंबरावर महिना फुकट घेतला, पुढचे महिने आईच्या पैशानं नांदेडला मॅच बघितल्या, आणि तो हुशार.

"दोन्ही बंद करून देऊ?" पोरगी म्हणाली.

"तू नको करू. बोट कुठं लावायचं तेवढं दाखव."

दोन्ही मी स्वतः बंद केली. गुप्त नंबरही तिथंच बदलला. पोरीनं तोंड दुसरीकडं केलं, तेवढी रीत तिला होती. गेलेल्या पैशांचं विचारलं तर म्हणाली, कंपनीला ईमेल करावा लागतो, मिळतील असं सांगता येत नाही. ते पैसे आले नाहीत. येणारही नाहीत.

रविवारी पोरगा आला. कागद पिशवीत होते. दारातच म्हणाला, "माय, घरची मॅच बंद पडली बघ एकदम. तुझ्या मोबाइलवर एक नंबर येईल, तेवढा सांग."

मी म्हटलं, "बस आधी." आणि यादी उघडून त्याच्या पुढं ठेवली.

त्यानं बघितलं. मान खाली घालेल असं मला वाटलं होतं, पण तो माझ्यावरच चिडला. "बंद करायचं राहून गेलं. एवढ्यासाठी तू लातूरला गेलीस? मला विचारायचं ना."

"तुलाच विचारलं होतं. तू माझं खातं बंद करायला निघालास."

"आईचे चार पैसे लेकानं वापरले तर चोरी झाली काय?"

"मला त्या कंपनीनं विचारलं तरी होतं, बारीक अक्षरात. तू तेवढंही न्हाई."

कागद त्यानं बाहेर काढलेच नाहीत. मी स्वयंपाक केला होता, तो न जेवता गेला. मी दोन वेळा तेच खाल्लं.

नवा नंबर मी त्याला सांगितलेला नाही. त्यानं एकदा विचारला. नंतर सुनेनं फोन केला, या वेळी मागून नाही, समोरून. "आत्याबाई, उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर पैसे अडकून पडतील. नंबर सांगून ठेवा."

मी म्हटलं, "काही झालं तर मरणाचा दाखला घेऊन बँकेत जा. वारस म्हणून त्याचंच नाव लावलंय. तवर थांबा."